फोटो उलटा करून बघा : गावाचा इतिहास शोधायला बसणाऱ्यांसाठी

आमच्या वाईच्या घरी पोटमाळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात लग्नपत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, दोन मोडके चष्मे आणि एक फोटो निघाला. कृष्णेचा घाट, धुणं धुणाऱ्या चार बायका, त्यातल्या एकीच्या कडेवर मूल. घरात ज्याला विचारावं तो सांगे, ‘फार जुना आहे, पेशवाईतला असेल.’ पेशवाई बुडाली १८१८ साली. कॅमेरा हिंदुस्थानात आला १८४० च्या सुमाराला, आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ मध्ये. तेव्हा पेशवाईतला फोटो कुणाच्याच ट्रंकेत नाही, आमच्याही नव्हता.

मग फोटो उलटा केला. मागे जांभळ्या शाईचा अर्धवट शिक्का. स्टुडिओचं नाव पुसलेलं, पण खालची ओळ शाबूत : ‘वाई, जि. उत्तर सातारा’. सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले १९४९ साली. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला आणि उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला. म्हणजे हा शिक्का त्या अकरा वर्षांत कधीतरी तयार झालेला. घरातल्या सगळ्यांचं मिळून एकशेतीस वर्षांनी चुकलं होतं.

अशाच एखाद्या ट्रंकेसमोर तुम्ही बसला असाल, तर पुढचं तुमच्यासाठी. उदाहरणं वाईची आहेत, कारण मला तेवढं एकच गाव आतून माहीत आहे. तुम्ही तुमचं घाला.

आधी तुकडा लहान करा

‘आमच्या गावाचा समग्र इतिहास’ असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंत की ती वही तिसऱ्या पानावर थांबते. माझ्या दोन वह्या तशा थांबल्या आहेत. एक आळी घ्या, एक घाट, एक बाजारपेठेतली रांग, एक तालीम, एक शाळा. वाईत घाटही आळ्यांच्या नावाने ओळखले जातात : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह. मी गणपती आळीचा घाट घेतला. तीनशे पावलांत संपणारी जागा, पण तिला वर्ष पुरलं नाही.

हात लावण्याआधी

फोटो कडांना धरा, हात कोरडे ठेवा. मागे बॉलपेनने काही लिहू नका, शाई पुढे उमटते. लिहायचंच तर मऊ शिसपेन्सिलीने, काठावर, हलक्या हाताने. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावणं आणि लॅमिनेशन करणं ही दोन्ही प्रेमाने केलेली कत्तल आहे. चिकट पानांच्या अल्बमात बसलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. कसर लागलेले कागद आधी वेगळे ठेवा, नाहीतर ती बाकीच्यांतही शिरते.

स्कॅन पुढून आणि मागून, दोन्ही. मागची बाजू कोरी असली तरी. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला इतके ठिपके) पुरतो, पासपोर्टएवढ्याला १२०० ठेवा, निगेटिव्हला त्याहून वर जा. मूळ फाइल टिफमध्ये, लोकांना पाठवायची जेपेगमध्ये. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, उन्हाची तिरीप न येता, फ्लॅश बंद करून मोबाइलने काढा. मोबाइल फोटोला समांतर धरा. आणि दुसऱ्याच्या घरचा फोटो असेल तर त्यांच्याच घरी बसून काम उरका. ‘उद्या आणून देतो’ म्हणून नेलेला फोटो उद्या परत येत नाही हे गावाला माहीत असतं. एकदा तुमचं नाव त्या यादीत गेलं की पुढची कपाटं उघडत नाहीत.

निगेटिव्हबद्दल एक स्वतःची फजिती. ओळखीच्या एका घरी काचेच्या निगेटिव्ह मिळाल्या. एकीवर घाट आणि देऊळ स्वच्छ दिसत होतं. मी स्कॅन केली आणि आठवडाभर डोकं धरून बसलो, कारण देऊळ ढोल्या गणपतीचं, पण जागा भलतीच. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर फुटून दोन्हीकडे वाहून जावं म्हणून. घाटावर जाऊन उभा राहिलो तेव्हा ट्यूब पेटली : ते टोक माझ्या स्कॅनमध्ये नेमकं उलट्या बाजूला होतं. मी काच पालथी ठेवली होती. काचेची मंद, किंचित खरखरीत बाजू म्हणजे लेप. ती कुठल्या तोंडाने ठेवली हे प्रत्येक वेळी लिहून ठेवा. फोटोत दुकानाची पाटी असेल तर काम सोपं, अक्षरं उलटी दिसतात. पाटी नसेल तर जागेवर जा.

दोन हद्दी आखा

फोटोचं नेमकं साल क्वचितच मिळतं. मिळतात त्या दोन हद्दी : ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’. भिंग घ्या, फोटोचे मनातल्या मनात नऊ चौकोन करा, आणि माणसांचे चेहरे सोडून बाकी सगळं बघा. चेहऱ्यांत आपण अडकतो. साल असतं ते मागच्या भिंतीवर.

घरांवर नळीची, अर्धगोल कौलं आहेत की चपटी मंगळुरी? मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा, आणि ती कौलं घाटावरच्या गावांत पोचायला आणखी वेळ गेला. एसटीची गाडी दिसली तर फोटो १९४८ च्या आधीचा नाही, कारण पहिली एसटी पुणे-अहमदनगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी धावली. घरांवर टीव्हीचे अँटेना असतील तर १९७२ नंतरचा. मुंबई दूरदर्शन त्या वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालं. गाडीच्या पाटीवर ‘एमएच’ आणि पुढे जिल्ह्याचा दोन आकडी क्रमांक असेल तर १९८९ नंतरचा. भिंतीवर सिनेमाचं पोस्टर म्हणजे लॉटरीच. फक्त लहान गावात सिनेमा मुंबईनंतर कितीतरी दिवसांनी लागायचा हे लक्षात ठेवा.

कागदांनाही हाच न्याय. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ‘मुंबई राज्य’ लिहिलं असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. आकडा ‘२-८-०’ असा तीन तुकड्यांत असेल तर ते रुपये-आणे-पै, म्हणजे बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर त्यानंतरची पहिली काही वर्षं. औंध, फलटण, भोर, सांगली, मिरज अशा संस्थानाचं नाव असलेला स्टँप पेपर १९४८ च्या विलीनीकरणाच्या अलीकडे येत नाही.

खालची हद्द भक्कम असते, वरची ठिसूळ. फोटोत एसटी आहे तर तो १९४८ च्या आधीचा नाही, इथे वाद नाही. पण ‘उत्तर सातारा’चा शिक्का १९६० नंतरही कुणी वापरला नसेल असं नाही. रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरायचा हा आपला धर्म आहे. म्हणून वरच्या हद्दीला नेहमी दुसरा साक्षीदार शोधा.

वस्तूवरचं साल आणि ती वस्तू गावात आल्याचं साल यांतही गल्लत होते. वाईजवळच मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. म्हणून ती १७०७ पासून मेणवलीत आहे का? ती पोर्तुगीजांची, वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला १७३९ साली, आणि ती इकडे आली त्यानंतर. फोटोतल्या भिंतीवरचं कॅलेंडरही असंच फसवतं. देवाचं चित्र चांगलं असलं की ते कॅलेंडर दहा-दहा वर्षं भिंतीवरून हलत नाही.

माझ्या फोटोला दुसरा साक्षीदार त्याच ट्रंकेत भेटला. पावत्यांच्या गठ्ठ्यात फोटोंची एक पावती, ‘कॉपी तीन, रु. २-८-०’. तारखेचा कोपरा कसरीने खाल्लेला. पण आणे आहेत, म्हणजे १९५७ च्या आधीची. ही पावती याच फोटोची असेल तर अकरा वर्षांची आठ झाली. ‘असेल तर’ हे शब्द मी वहीत लाल शाईने लिहिले आहेत.

कागद कुठे असतात

सुरुवात गॅझेटिअरपासून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथापासून करा. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचा १९ वा खंड साताऱ्याचा, १८८५ सालचा; वाईचे घाट, देवळं, बाजार सगळं त्यात आहे. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने जुने खंड संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, तुमच्या जिल्ह्याचाही मिळेल. मात्र त्यातली माहिती कचेऱ्यांतून गोळा झालेली आहे. साहेबाने विचारलं, स्थानिक अंमलदाराने सांगितलं, आणि दंतकथा इतिहास म्हणून छापली गेली, असं जागोजागी दिसतं. वाचा, पण साक्षीदार म्हणून. न्यायाधीश म्हणून नको.

मग कचेऱ्या. घराचा किंवा वाड्याचा माग काढायचा तर नगर भूमापन कार्यालय, ज्याला सगळे सिटी सर्व्हे म्हणतात. सि.स. नंबर सांगितला की मालमत्ता पत्रक मिळतं, त्यावर मालक कसे बदलत गेले ते दिसतं. शेतजमिनीसाठी सातबारा आणि त्याच्याहून महत्त्वाचे जुने फेरफार. फेरफारात कारण लिहिलेलं असतं : कोण वारलं, कोण वारस, कुणी किती रुपयांना विकलं. कितीतरी कुटुंबांचा इतिहास त्या चार ओळींत आहे. जन्ममृत्यूसाठी गावात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक; शहरात नगरपालिकेचं रजिस्टर. शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. आणि नगरपालिकेची ठराव बुकं! दिवाबत्ती, गटार, घाटाची दुरुस्ती, कुणाची म्हैस कोंडवाड्यात गेली इथपर्यंत. गावात वीज कधी आली हे विचारत फिरण्यापेक्षा ठराव बुकात बघा.

नकलेचा अर्ज करा. नाहीच दाद लागली तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि ३० दिवसांची मुदत. पण आधी तोंडी बोला. एका कचेरीत मला दोनदा ‘वाळवीने खाल्लं’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या खेपेला मी शिपाईमामांना घाटाच्या फोटोची प्रिंट दाखवली. त्यांनी त्यात स्वतःच्या आजोळचं घर ओळखलं, आणि वाळवीने खाल्लेलं रजिस्टर वीस मिनिटांत टेबलावर आलं. एक गोष्ट मात्र पहिल्या वाक्यातच सांगून टाका : ‘जमिनीच्या वादाचं काही नाही.’ जुने कागद मागणारा माणूस म्हणजे भाऊबंदकी, हे समीकरण सगळीकडे पक्कं आहे.

पुण्याचं पुराभिलेखागार हा पुढचा टप्पा, पहिल्या महिन्यात तिकडे धावू नका. तिथलं पेशवे दफ्तर हजारो रुमालांत बांधलेलं आहे. रुमाल म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं. काय मागायचं हे ठाऊक नसेल तर दिवस फुकट जातो. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच. खानदेशातल्यांना धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ जवळ. आणि आपल्या गावचे कागद आपल्याच गावात असतील असं धरून चालू नका. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा उभा आहे, पण त्यातलं दप्तर केव्हाच बाहेर पडलं.

मोडी आणि सनांचा हिशेब

शंभर वर्षांच्या मागे गेलात की मोडी लिपी गाठतेच. काही नोंदी तर १९५० च्या आसपासपर्यंत मोडीत सापडतात. घाबरू नका. आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची, अशी ही लिपी. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. पहिल्या दिवशी मजकूर वाचायला जाऊ नका. आकडे, महिने आणि ओळखीची आडनावं शोधा. आपल्याच घरचा कागद असेल तर नावं आधीच माहीत असतात, तीच किल्ली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचकांना एकदम भाव आला आहे, त्यामुळे फुकट वाचून देणारे काका आता जरा कमी झालेत. वर्ग मात्र वाढले आहेत, ऑनलाइनसुद्धा.

सनांचं गणित एकदा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. इसवी सन हवा तर शकात ७८ मिळवा; जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतची तारीख असेल तर ७९. फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० मिळवा, आणि तारीख जानेवारी ते मेमधली असेल तर ५९१. सुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतल्या सनात, ५९९ मिळवा, जानेवारी ते मेसाठी ६००, कारण ही दोन्ही वर्षं मृगाला, जूनच्या सुरुवातीला सुरू होतात. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात आणि एकक आधी येतो : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, म्हणजेच ११६१. पानिपत झालं जानेवारी १७६१ मध्ये. ११६१ मध्ये ६०० मिळवून बघा. तारखेआधी ‘छ’ दिसला तर तो चंद्र, पुढे मुसलमानी महिना येणार.

माणसांना विचारताना

‘तुम्हाला जुनं काय आठवतं?’ असं विचारलंत की ‘आता काय राहिलंय’ हेच उत्तर येणार. फोटोची मोठी प्रिंट, निदान ए-४, समोर ठेवा आणि बोटाने दाखवून विचारा : हे दुकान कुणाचं? या पायरीवर कोण बसायचं? साल विचारू नका. खुणा द्या. आमच्या भागात कोयनेचा भूकंप ही सगळ्यांत खणखणीत खूण, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ‘भूकंप झाला तेव्हा हा पार होता का?’ याचं उत्तर लोक ठामपणे देतात. त्याआधी पानशेतचा पूर १९६१, मग ७२ चा दुष्काळ. घरात ऐकलेल्या गोष्टींना प्लेग आणि १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ.

एक खूण जपून वापरा. १९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा जिल्ह्यात अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरं जळली. किती दप्तरं, किती अल्बम त्यात गेले याचा हिशेब नाही, आणि जळणारे आणि जाळणारे यांची नातवंडं आज एकाच शाळेच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर आहेत. कुणी गप्प झालं तर रेकॉर्डर बंद करा आणि चहा घ्या. पुढच्या खेपेला ते स्वतःच बोलतात, किंवा बोलत नाहीत.

माझा फोटो घेऊन मी आत्याकडे गेलो.

‘आत्या, ही कडेवरची तू ना?’

‘अरे, मी कुठली! मी ही, परकर वर धरून उभी आहे ती. कडेवर तुझा बाप आहे. आणि घेतलंय कुणी माहितीये? आईने नाही, शेजारच्या काकूंनी. आई ही बघ, पाठमोरी.’

घरात ज्याला पेशवाईतला म्हणत होते, त्या फोटोत आजी होती, आणि तिचीही नुसती पाठ.

बाबांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५३. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. शाळेत नाव घालताना मास्तर ती तारीख टाकून मोकळे व्हायचे. म्हणून नगरपालिकेच्या रजिस्टरातून जन्मनोंद काढली. निघाली नोव्हेंबर १९५२ ची. फोटोतलं मूल मान धरून सरळ बसलंय, नदीचं पाणी खालच्या पायऱ्यांच्याही खाली गेलंय. म्हणजे उन्हाळा, आणि मूल सहा महिन्यांच्या पुढचं.

नोंद अशी ठेवा

दर फोटोला एक पान. माझं हे, जसंच्या तसं :

क्रमांक : वाई-घाट-००७
कुठून आला : घरची ट्रंक, पोटमाळा
मागची बाजू : जांभळा शिक्का, ‘वाई, जि. उत्तर सातारा’
जागा : गणपती आळीचा घाट (प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, पायऱ्या जुळतात)
काळ : १९५३ किंवा १९५४ चा उन्हाळा
आधार : शिक्का, मुलाची जन्मनोंद, पाण्याची पातळी, आत्याची ओळख
शंका : पावती याच फोटोची का? १९५३ धरलं तर मूल सहा-सात महिन्यांचं, दिसतं मोठं
माणसं : चारपैकी दोन बायका ओळखल्या, उजवीकडच्या दोघी नाहीत

‘शंका’चा रकाना रिकामा ठेवू नका. रिकामा राहिला तर तुम्ही पुरेसं बघितलेलं नाही. फाइलला हाच क्रमांक द्या, पुढे ‘पुढून’ आणि ‘मागून’. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी, नदीपासून लांब. फोटो ज्यांनी दिला त्यांना विचारल्याशिवाय तो ग्रुपवर टाकू नका. टाकलात तर खाली त्यांच्या घरचा म्हणून लिहा.

उरलेल्या दोघींसाठी मी आता उत्सवाची वाट बघतोय. कृष्णामाईचा उत्सव प्रत्येक घाटावर वेगवेगळ्या दिवशी बसतो, माहेरवाशिणी येतात, आणि सत्तरी-ऐंशीच्या बायका एका मांडवात अशा पुन्हा वर्षभर भेटत नाहीत. फोटोची तीन फुटांची प्रिंट काढली आहे. शेजारी कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. दोरी आखूड ठेवायची, नाहीतर पोरं पेन्सिल घेऊन पळतात.